किल्ली फिरत नाही, तुटली किंवा हरवली: दुचाकी आणि मोटारीसाठी समस्या निवारण

वाहनाच्या किल्लीची अडचण सहसा दोन टप्प्यांनी येते. पहिल्यांदा दोन किल्ल्यांपैकी एक हरवते किंवा रोजच्या वापरातली किल्ली अडखळू लागते, आणि घरात दुसरी आहे म्हणून कोणी ते फारसे मनावर घेत नाही. दुसऱ्यांदा ती उरलेली किल्लीही जाते, आणि मग गाडी जिथे उभी असेल तिथेच खिळते. ते सोसायटीचे पार्किंग असो, माळशेज घाट असो किंवा गुहागरचा किनारा. पहिल्या वेळी जे काम चालू किल्ली दाखवून अर्ध्या तासात झाले असते, त्यासाठी दुसऱ्या वेळी कुलूप खोलावे लागते, गाडी ओढून न्यावी लागते आणि मोटार असेल तर कंपनीकडून किल्ली येईपर्यंत थांबावे लागते. म्हणून दोनपैकी एक किल्ली गेली किंवा कुरकुर करू लागली, की दुरुस्तीची वेळ आली असे समजावे. पुढची सगळी माहिती हे गृहीत धरूनच दिली आहे. ज्यांची गाडी आत्ताच अडकली आहे त्यांनी थेट आपल्या अडचणीचा भाग वाचला तरी चालेल.

दोष खरोखर किल्लीत आहे का?

किल्ली आत जाते पण फिरत नाही, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार, आणि तिच्यात पुष्कळदा किल्लीचा काहीच दोष नसतो. मोटारीतून किल्ली काढल्यावर स्टिअरिंग थोडे जरी फिरले तरी आतली लोखंडी खिटी खाचेत बसते आणि स्टिअरिंग अडकते. पुढचे चाक फुटपाथाला टेकलेले असेल, किंवा उतरताना कोणी स्टिअरिंगचा आधार घेऊन उठले असेल, तर त्या खिटीवर ताण राहतो आणि कोरी करकरीत किल्लीसुद्धा जागची हलत नाही. अशा वेळी एका हाताने स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे किंचित हलवत, ज्या बाजूला ते सैल लागते त्या बाजूला धरून ठेवावे आणि दुसऱ्या हाताने किल्ली हलकेच फिरवावी. दुचाकीच्या हँडल लॉकचे गणित अगदी हेच आहे. गाडी बाजूच्या स्टँडवर कलून उभी असते, शेजारच्या गाडीने हँडल दाबलेले असते, आणि मालक घाईत किल्लीवर जोर काढतो. माझ्या मते रस्त्यात तुटणाऱ्या किल्ल्यांपैकी बऱ्याच या एका जोरापायी तुटतात. हँडल मोकळे केल्याशिवाय किल्लीला जोर लावू नये.

किल्ली आतच जात नसेल, तर स्कूटरमालकांनी आधी भोकावरचे सरकते झाकण पाहावे. ॲक्टिव्हासारख्या बऱ्याच स्कूटरना आणि कित्येक मोटारसायकलींना हे झाकण असते. ते हाताने बंद करता येते, पण उघडण्यासाठी किल्लीच्या डोक्याकडचा षट्कोनी उंचवटा शेजारच्या खोबणीत बसवून फिरवावा लागतो, आणि त्या उंचवट्यात बारीक चुंबक ठरावीक जागी बसवलेले असतात. रस्त्यावर करून घेतलेल्या साध्या नकलेत हे चुंबक नसतात. त्यामुळे ती नक्कल महिनोन् महिने उत्तम चालते आणि एके दिवशी स्टेशनबाहेरच्या पार्किंगमध्ये कोणी खोडसाळपणे झाकण बंद केले, की निरुपयोगी ठरते. झाकण बंद असताना त्यात पेचकस घालून उचकटण्याचा प्रयत्न करू नये. झाकणाची पट्टी वाकली तर संपूर्ण इग्निशन स्विच बदलावा लागतो. घरून मूळ किल्ली मागवून घेणे हाच उपाय स्वस्त आहे.

किल्लीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक मोटारीत गिअरचा दांडा ‘पी’वर, म्हणजे पार्किंगच्या जागी, नसेल, तर किल्ली बंद स्थितीपर्यंत मागे फिरत नाही आणि बाहेरही निघत नाही. तो दांडा पुन्हा नीट ‘पी’त ढकलून पाहावा.

एवढे पाहूनही अडचण राहिली, तर घरातली दुसरी, कमी वापरलेली किल्ली लावून पाहावी. ती सहज फिरली तर दोष रोजच्या किल्लीचा. तीही अडखळली तर दोष कुलपाचा. ही साधी चाचणी केल्याशिवाय कोणाच्याही सांगण्यावरून लॉकसेट, म्हणजे गाडीच्या सगळ्या कुलपांचा संच, बदलू नये. चांगले कुलूप काढून नवीन बसवल्याची उदाहरणे गॅरेजमध्ये हवी तेवढी मिळतात.

झिजलेली किल्ली आणि नकलेची नक्कल

इग्निशनच्या कुलपात एक गोल बॅरल असते आणि त्यात ओळीने पातळ पत्र्या बसवलेल्या असतात. प्रत्येक पत्रीला बारीक स्प्रिंग असते. किल्लीवरच्या खाचांची खोली अशी ठरवलेली असते, की किल्ली पूर्ण आत गेल्यावर सगळ्या पत्र्या बॅरलच्या पृष्ठभागाशी समपातळीत येतात. एखादी पत्री मिलिमीटरच्या अंशानेही वर किंवा खाली राहिली, तर ती बाहेरच्या कवचात अडकते आणि बॅरल फिरत नाही. दुचाकीची किल्ली बहुधा पितळेची आणि वर निकेलचा मुलामा दिलेली असते. रोज कित्येकदा आत-बाहेर होऊन खाचांच्या कडा गोल होत जातात. मुलामा उडून खाचांच्या टोकांवर पिवळे पितळ दिसू लागले, किल्ली थोडी बाहेर ओढल्यावरच फिरू लागली किंवा गाडी चालू असताना ती हाताने सहज बाहेर निघू लागली, तर झीज बरीच पुढे गेली आहे असे समजावे.

इथेच बहुतेक लोक नको तो मार्ग धरतात: ती झिजलेली किल्लीच चावीवाल्याच्या हातात देतात. नक्कल काढण्याच्या यंत्रात एका बाजूला जुनी किल्ली आणि दुसऱ्या बाजूला ब्लँक, म्हणजे खाचा न पाडलेली कोरी किल्ली, आवळलेली असते. जुन्या किल्लीवरून एक टोक सरकत जाते आणि तिचे जसेच्या तसे चढउतार पलीकडचे चाक ब्लँकवर कापत जाते. यंत्राला झीज आणि खाच यांतला फरक कळत नाही. त्यामुळे जुन्या किल्लीची सगळी झीज नवीत उतरते, वर यंत्राची स्वतःची थोडी चूक मिळते, आणि त्या नकलेवरून पुढची नक्कल काढली की चुका बेरजेने वाढत जातात. दर सहा-आठ महिन्यांनी ‘नवी’ किल्ली करून घेणाऱ्यांची तक्रार कधीच का संपत नाही, त्याचे कारण एवढेच आहे.

यावरचा खरा तोडगा म्हणजे किल्लीचा क्रमांक. नवी गाडी ताब्यात मिळते तेव्हा दोन किल्ल्यांच्या जुडग्याला एक छोटी धातूची पट्टी किंवा टॅग असतो आणि त्यावर आकडे-अक्षरे कोरलेली असतात. काही कंपन्यांच्या किल्ल्यांवरच हा क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून प्रत्येक खाचेची मूळ खोली कळते आणि कारखान्यातून आली होती तशी किल्ली कापता येते, मग हातातली किल्ली कितीही झिजलेली असो. अधिकृत विक्रेत्याच्या सुट्या भागांच्या खिडकीवर हा क्रमांक देऊन किल्ली मागवता येते, आणि मोठ्या शहरांतल्या काही चावीवाल्यांकडे क्रमांकावरून किल्ली कापणारी यंत्रे असतात. पट्टीचा फोटो काढून ठेवावा, पण पट्टी मात्र किल्लीच्या कड्यात अडकवून हिंडू नये. ती ज्याच्या हाती पडेल त्याला किल्ली समोर नसतानाही तुमच्या गाडीची किल्ली करून घेता येते.

पट्टी सापडतच नसेल, तर घरात वर्षानुवर्षे कपाटात पडून असलेली किल्ली शोधावी आणि नक्कल तिच्यावरूनच काढावी. त्यानंतर ती मूळ किल्ली पुन्हा कपाटातच जावी. वापरायची ती नक्कल. नक्कल हातात आल्यावर दुकान सोडण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. दोन्ही किल्ल्या एकमेकींवर ठेवून उजेडासमोर धराव्यात आणि खाचा जुळतात का ते पाहावे. कडेवरून नख फिरवावे. खरखर लागली तर चावीवाल्याला बारीक कानस फिरवायला सांगावे, कारण तो पितळेचा कीस कुलपात गळून पत्र्यांमध्ये बसतो. मग इग्निशन, हँडल लॉक, डिकी आणि पेट्रोलच्या टाकीचे झाकण ही सगळी कुलपे तिथेच उघडून आणि लावून पाहावीत. इग्निशन चालू झाले म्हणून घरी यायचे आणि पेट्रोल पंपावर झाकण उघडतच नाही, हा अनुभव पुष्कळांच्या वाट्याला आला असेल.

किल्लीच्या जुडग्याबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत. घराच्या, कार्यालयाच्या आणि कपाटाच्या किल्ल्या, पितळी गणपती आणि बाटली उघडायचे साधन असे सगळे एका कड्यात अडकवले, की प्रत्येक खड्ड्यागणिक ते ओझे बॅरलला हिसके देते. २०१४ साली जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीला जगभरातून सुमारे २६ लाख मोटारी परत बोलवाव्या लागल्या, कारण जुडग्याच्या वजनाने किंवा गुडघ्याच्या धक्क्याने इग्निशन स्विच चालत्या गाडीत मागे फिरत होता. दुरुस्ती होईपर्यंत कड्यातून इतर सर्व वस्तू काढून नुसती किल्ली वापरावी, असे तेव्हा मालकांना सांगण्यात आले होते. तो दोष त्या स्विचच्या रचनेचा होता, सर्वच गाड्यांचा नव्हे. तरी गाडीची किल्ली वेगळ्या कड्यात ठेवायला काही खर्च येत नाही.

कुलूप अडखळते तेव्हा तेल कोणते?

पावसाळ्यात ही तक्रार वाढते. कोकणात खारी हवा आणि देशावर धूळ. दोन्हींनी पत्र्यांच्या स्प्रिंगा चिकटतात. घरात हाताशी असते म्हणून लोक खोबरेल तेल सोडतात आणि पहिल्या दिवशी त्याचा गुणही येतो. पण खोबरेल तेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गोठते, त्यामुळे नाशिक-पुण्याच्या डिसेंबरमधल्या सकाळी तेच तेल पत्र्यांना जखडून टाकते. इंजिन ऑइल आणि ग्रीस गोठत नाहीत, पण धूळ धरून त्यांचा चिखल होतो. कुलपाला कोरडी ग्रॅफाइटची भुकटी सर्वांत चांगली. ती मिळाली नाही तर शिसपेन्सिलीचे शिसे किल्लीच्या दोन्ही बाजूंना घासून किल्ली दहा-बारा वेळा आत-बाहेर करावी. शिशातही ग्रॅफाइटच असते. पाणी शिरले असेल तर पाणी हुसकणारा फवारा आधी मारावा, किल्ली वारंवार आत-बाहेर करून प्रत्येक वेळी फडक्याने पुसावी, आणि कुलूप वाळल्यावरच ग्रॅफाइट वापरावे. गाडी धुताना पाण्याचा जोरदार झोत इग्निशनच्या भोकावर सोडू नये, हे धुणाऱ्यालाही सांगून ठेवावे.

किल्ली तुटली

किल्ली बहुधा डोक्याजवळच्या मानेवर तुटते, आणि तुटण्याआधी तिथे बारीक चीर दिसत असते किंवा किल्ली किंचित वाकलेली असते. वाकलेली किल्ली हातोडीने सरळ करून पुन्हा वापरणे म्हणजे ती कुलपात तुटण्याची सोय करणे होय. सरळ करायचीच असेल तर ती एकदा नक्कल काढण्यापुरती करावी.

तुकडा कुलपात राहिला असेल, तर पहिला नियम असा की उरलेला भाग पुन्हा आत घालून ढकलू नये. दुसरा नियम, फेविक्विकसारखा गोंद तुकड्याच्या टोकाला लावून ओढण्याचा प्रयोग करू नये. गोंदाचा एक थेंब पत्र्यांत उतरला तर दोनशे रुपयांच्या कामाचे रूपांतर लॉकसेट बदलण्यात होते. टोक बाहेर दिसत असेल तर बारीक चोचीच्या पकडीने सरळ रेषेत ओढावे. दिसत नसेल तर चावीवाल्याला बोलवावे. तो पातळ आकडीने तुकडा खाचेतून मागे ओढतो. मात्र तुकडा निघतो तो बॅरल बंद स्थितीत असेल तरच. किल्ली चालू स्थितीत फिरलेली असताना तुटली, तर पत्र्या कवचाखाली दबलेल्या असतात आणि तुकडा कितीही ओढला तरी हलत नाही. आधी बॅरल मागे फिरवून घ्यावे लागते. चावीवाल्याला फोनवर एवढे सांगितले तरी तो योग्य हत्यार घेऊन येतो.

दोन्ही तुकडे जपून ठेवावेत. ते शिकंज्यात एकमेकांना जुळवून आवळले, की त्यांवरून नवी किल्ली कापता येते.

मोटारीची किल्ली: पाते आणि चिप

गेल्या वीसेक वर्षांतल्या बहुतेक मोटारींत किल्लीची दोन वेगळी कामे आहेत, आणि ती वेगळी आहेत हे लक्षात न घेतल्यामुळे पैसा वाया जातो. पाते कुलूप फिरवते. प्लॅस्टिकच्या डोक्यातली चिप मोटारीला ओळख पटवते. इग्निशनच्या बॅरलभोवती तारेचे वेटोळे असते. किल्ली फिरवताच ते साधारण १२५ ते १३५ किलोहर्ट्झच्या लहरी सोडते, त्या लहरींवरच चिपला वीज मिळते आणि ती आपला क्रमांक परत पाठवते. क्रमांक जुळला तर इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक इंधन आणि ठिणगी चालू ठेवतो, नाहीतर बंद करतो. या व्यवस्थेला इमोबिलायझर म्हणतात. मारुती सुझुकीच्या गाड्यांत तिचेच नाव ‘आयकॅट्स’ असे आहे. चिपला सेल लागत नाही. सेल असतो तो दारे उघडणाऱ्या रिमोटसाठी. म्हणूनच पात्याच्या किल्लीचा सेल संपला तर दार हाताने उघडावे लागते, पण गाडी सुरू व्हायलाच हवी.

दोष चिपचा असेल तर लक्षणे ठरलेली आहेत. किल्ली सहज फिरते, स्टार्टरही जोरात फिरतो, इंजिन मात्र पकडत नाही किंवा पकडून एक-दोन सेकंदांत बंद पडते, आणि मीटरमध्ये किल्लीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत राहते. स्टार्टरच फिरत नसेल, नुसता टकटक आवाज येत असेल, तर आधी बॅटरी तपासावी. कमी दाबाच्या बॅटरीमुळेही ओळख पटण्यात अडथळा येतो. कड्यात दुसऱ्या मोटारीची चिप असलेली किल्ली अडकवलेली असेल तर ती काढून पाहावे, कारण दोन चिपा एकाच वेटोळ्याजवळ आल्या की एकमेकींच्या आड येतात. नवरा-बायकोच्या दोन गाड्यांच्या किल्ल्या एका कड्यात असलेल्या घरी हा उपाय आधी करावा.

आता एक बारीक पण महाग गोष्ट. किल्लीचे प्लॅस्टिक फुटले किंवा पाते तुटले, तर नवे कवच, ज्याला दुकानात ‘शेल’ म्हणतात, आणून जुना ऐवज त्यात बसवता येतो. हे काम स्वस्त आहे आणि त्याला प्रोग्रॅमिंग लागत नाही, कारण चिप तीच राहते. पण पुष्कळ किल्ल्यांत चिप रिमोटच्या हिरव्या पट्टीवर, म्हणजे सर्किटवर, नसते. ती सेंटिमीटरभर लांबीचा काळा तुकडा किंवा काचेची नळी म्हणून कवचाच्या एका कोपऱ्यातल्या खाचेत नुसती बसवलेली असते. कवच उघडले की हिरवी पट्टी समोर दिसते, ती उचलून नव्या कवचात जाते, रिमोटने दारे उघडतात, काम झाले असे सर्वांना वाटते, आणि चिप जुन्या कवचाबरोबर केराच्या डब्यात जाते. मग गाडी सुरू होत नाही. म्हणून कवच बदलताना जुने कवच टाकू देऊ नये, चिप डोळ्यांनी पाहून घ्यावी, आणि नव्या किल्लीने इंजिन किमान मिनिटभर चालवूनच पैसे द्यावेत.

चिप असलेली किल्ली नव्याने करायची तर दोन मार्ग आहेत. अधिकृत विक्रेत्याकडे आर.सी., ओळखपत्र आणि अर्ज देऊन किल्ली मागवावी. ती आल्यावर गाडी नेऊन नोंदवून घ्यावी लागते. बाहेरचे जाणकार चावीवाले चालू चिपची नक्कल करतात किंवा नवी चिप गाडीच्या स्मरणात नोंदवतात. एक किल्ली हातात असेल आणि कारागीर माहितीचा असेल, तर दुसऱ्या मार्गात काही वावगे नाही. पण जो कारागीर आर.सी. न पाहता काम करायला तयार होतो, त्याच्या हातात आपल्या गाडीची किल्ली आणि घराचा पत्ता एकाच वेळी देऊ नये. गाडी वॉरंटीत असेल तर तारांना किंवा संगणकाला बाहेर कोणाला हात लावू देऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

बटणाने सुरू होणाऱ्या गाड्यांत स्मार्ट किल्ली, म्हणजे खिशात असतानाच गाडी ओळखते ती किल्ली, मिळाली नाही असा संदेश आला, तर बहुधा सेल संपलेला असतो. बऱ्याच किल्ल्यांत सी.आर. २०३२ हा नाण्यासारखा सेल असतो, तरी बदलताना जुन्यावरचा क्रमांक वाचून तोच आणावा. तोवर किल्लीच्या पोटातले लपलेले पाते काढून दार उघडावे आणि किल्लीचाच कोपरा स्टार्टच्या बटणाला टेकवून, ब्रेक दाबून, बटण दाबावे. बहुतेक गाड्या अशा सुरू होतात. काहींत किल्ली ठेवायची जागा वेगळी असते आणि ती मालकाच्या पुस्तिकेत दिलेली असते. २०२३च्या जानेवारीत ॲक्टिव्हाची ‘एच-स्मार्ट’ आवृत्ती आल्यापासून हा विषय स्कूटरमालकांचाही झाला आहे. अशा गाडीबरोबर क्रमांकाचे कार्ड किंवा टॅग मिळाला असेल तर तो डिकीत न ठेवता घरी ठेवावा.

स्मार्ट किल्ली खिशात घेऊन समुद्रात उतरलेल्यांनी ती लगेच गोड्या पाण्याने विसळावी, सेल काढावा आणि पूर्ण वाळेपर्यंत बटणे दाबू नयेत. खारे पाणी आणि सेलची वीज एकत्र आली की आतल्या हिरव्या पट्टीवरचे तांबे झपाट्याने गंजते.

किल्ली हरवली: कागदपत्रे आधी

सर्वप्रथम हे ठरवावे की किल्ली नुसती हरवली आहे की कोणीतरी नेली आहे. नुसती हरवली असेल तर हरवलेल्या वस्तूची नोंद पुरते. मुंबई आणि पुणे पोलिसांच्या संकेतस्थळांवर ती घरबसल्या करता येते आणि तिची प्रत विक्रेत्याकडे चालते. पण पर्स किंवा बॅग चोरीला गेली आणि तिच्यात किल्ली होती, तर नुसती हरवल्याची नोंद करून थांबू नये. तो चोरीचा गुन्हा आहे, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली येतो, आणि त्याची रीतसर फिर्याद द्यावी. त्या बॅगेत पत्ता असलेला एखादा कागदही असेल तर गाडी त्याच दिवशी दुसरीकडे हलवावी किंवा चाकाला वेगळे कुलूप लावावे.

ही नोंद टाळण्याचा मोह होतो, कारण दुसरी किल्ली असते. पण पुढे गाडीच चोरीला गेली, तर विमा कंपनी दाव्याबरोबर सर्व मूळ किल्ल्या मागते. एक किल्ली आधीच हरवली होती असे तोंडी सांगण्याला तेव्हा वजन नसते. पोलिसांकडील जुनी नोंद आणि नव्या किल्लीचे बिल असेल तर असते. विम्यात किल्ली बदलून देण्याचे जादा संरक्षण घेतले आहे का, तेही पॉलिसीत पाहावे. घेतले असेल तर किल्ली मागवण्याआधी कंपनीला कळवावे, मागाहून नव्हे.

स्कूटरवाल्यांची एक खास पंचाईत असते: आर.सी., विमा आणि पीयूसी हे सगळे डिकीत, आणि डिकीची किल्ली हरवलेली. मोबाईलवर डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली आर.सी. दाखवावी; २०१८ पासून ती मूळ कागदाइतकीच ग्राह्य आहे. किल्लीच डिकीत टाकून सीट दाबून बंद केली असेल, तर सीट उपटून कडी वाकवू नये. सीटची कडी एका तारेने उघडते आणि मेकॅनिक बाजूचे आवरण सोडवून त्या तारेपर्यंत पोचतो.

सगळ्याच किल्ल्या गेल्या तर

दुचाकीला दोन वाटा आहेत. क्रमांकाची पट्टी किंवा तिचा फोटो असेल तर त्यावरून किल्ली येते. नसेल तर चावीवाला कुलपावरूनच किल्ली घडवतो, आणि हे काम पाहण्यासारखे असते. तो कोरी ब्लँक आत घालून हलकेच पीळ देतो, बाहेर काढून उजेडात धरतो, आणि पत्र्यांनी जिथे चमकदार ओरखडा उठवला आहे नेमक्या तिथे कानशीचे एक-दोन हात मारतो. मग पुन्हा आत, पुन्हा बाहेर. मुरलेला माणूस ओरखड्याच्या चकाकीवरून किती घासायचे ते ओळखतो, आणि घाईचा माणूस जास्त घासून ब्लँक वाया घालवतो. अशी किल्ली तात्पुरती चालते, पण ती मूळ मापाची असेलच असे नाही. शिवाय हरवलेली किल्ली कोणाच्या हाती लागली असण्याची शंका असेल, तर जुने कुलूप ठेवण्यात अर्थ नाही. इग्निशन, डिकी आणि टाकीचे झाकण यांचा एकत्र लॉकसेट बसवावा. नुसते इग्निशन बदलून बाकीची कुलपे जुनी ठेवली तर दोन किल्ल्या बाळगाव्या लागतात, आणि त्यांतली एक लवकरच हरवते.

मोटारीच्या सर्व किल्ल्या गेल्या, तर पाते कापूनही ती सुरू होत नाही, कारण नव्या चिपची नोंद गाडीत झालेली नसते, आणि ती जिच्यात करायची ती गाडी जागेवर अडकलेली असते. कारागीर यंत्र घेऊन गाडीपर्यंत आला तर ठीक, नाहीतर ती उचलून सर्व्हिस सेंटरला न्यावी लागते. स्टिअरिंग अडकलेली मोटार दोराने ओढण्याचा विचारही करू नये. सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी. काही मॉडेलांत जुन्या संगणकात नवी किल्ली बसते, काहींत इमोबिलायझरचा भागही बदलावा लागतो आणि खर्च अनेक पटींनी वाढतो. काम सुरू करण्याआधी यातले कोणते करावे लागणार हे लेखी विचारावे. नवी किल्ली नोंदवताना हरवलेल्या किल्ल्या गाडीच्या स्मरणातून पुसून घ्याव्यात. पुसल्यावर त्या किल्लीने इंजिन सुरू होत नाही, पण तिच्या पात्याने दार अजूनही उघडते, तेव्हा लॅपटॉप गाडीत ठेवण्याची सवय असणाऱ्यांनी दाराचे कुलूपही बदलावे.

दुसरी किल्ली नक्की कुठे आहे?

घरभर शोधूनही दुसरी किल्ली मिळाली नाही, तर कर्जाची कागदपत्रे काढून पाहावीत. दुचाकीला कर्ज देणाऱ्या काही वित्त कंपन्या एक किल्ली स्वतःकडे ठेवून घेतात, आणि शेवटचा हप्ता गेल्यावर ती मागायची आठवण कोणालाच राहत नाही. ना हरकत प्रमाणपत्र आणि आर.टी.ओ.साठीचा, गाडीवरची कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५ घ्यायला जाल, त्याच वेळी किल्ली परत मागावी आणि ती मिळाल्याची नोंद करून घ्यावी.

जुनी गाडी घेताना मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होण्याआधी दोन्ही किल्ल्या आणि क्रमांकाची पट्टी हातात घ्यावी, आणि दोन्ही किल्ल्यांनी गाडी सुरू करून पाहावी. एक किल्ली गावी राहिली आहे, नंतर कुरियरने पाठवतो, या उत्तरावर किमतीतून नव्या किल्लीचा खर्च वजा करावा. चिपची मोटार असेल तर तिच्या स्मरणात किती किल्ल्या नोंदलेल्या आहेत ते बऱ्याच मॉडेलांत सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरवर दिसते. तो आकडा हातातल्या किल्ल्यांपेक्षा जास्त निघाला, तर जादा किल्ल्या व्यवहार पूर्ण होण्याआधीच काढून टाकायला लावाव्यात, आणि त्याचे बिल विकणाऱ्याच्या नावावर करावे.